टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर आणि बिझनेस ॲनालिसिस: कुठून सुरुवात करू?

पूर्वभाग

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. बी.कॉम. झालंय आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. टॅली, चलनं, ई-वे बिल, कामगारांचं पगारपत्रक, सगळं माझ्याकडेच असतं.

मालकांना ऑर्डरसाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचंय. सॉफ्टवेअरवाला पहिल्याच भेटीत म्हणाला, "रिक्वायरमेंट लिहून द्या, मग कोटेशन देतो." मालकांनी ते काम माझ्याकडे दिलं. पुण्यातल्या एका मित्राला विचारलं तर तो म्हणाला, हे बिझनेस ॲनालिस्टचं काम आहे, रीतसर शिकून घे, पुढे करिअरही होईल.

दोन प्रश्न आहेत. हे शिकायचं तर मुळापासून कसं शिकायचं? आणि आमच्यासारख्या छोट्या प्रोजेक्टला त्याची खरंच गरज असते का, की ते मोठ्या आयटी कंपन्यांचं प्रकरण आहे? मी आत्तापर्यंत एवढंच लिहिलंय: "१. लॉगिन. २. ऑर्डर एन्ट्री. ३. ऑर्डर कुठल्या टप्प्यावर आहे ते मालकांना मोबाईलवर दिसावं. ४. रिपोर्ट." पुढे काय लिहायचं ते सुचत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

मी मूळची सोलापूरची, बरीच वर्षं पुण्यात बिझनेस ॲनालिस्ट म्हणून काम करते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. प्रोजेक्ट छोटा असेल तर ॲनालिसिसची गरज जास्तच असते, कारण चुकलेलं काम दुसऱ्यांदा करायला छोट्या मालकाकडे पैसे नसतात.

आता तुमची यादी. लॉगिन, एन्ट्री, मोबाईलवर दिसणं, रिपोर्ट. हे चारही उपाय आहेत, गरज यात एकही नाही. मालकांना नेमका त्रास कशाचा होतोय म्हणून ते पैसे घालायला तयार झाले, ते यात कुठेच आलेलं नाही. ते कळल्याशिवाय पाचवी ओळ लिहू नका. सॉफ्टवेअरवाला चांगला असेल तर तुम्ही लिहाल ते तो तंतोतंत करून देईल, आणि धोका तिथेच आहे.

मालकांना ‘सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी स्क्रीनच्या भाषेत येतं. त्याऐवजी असं विचारा: मागच्या वेळी ऑर्डर कुठे आहे ते कळलं नाही तेव्हा काय झालं? फोन कुणाचा आला होता? तुम्ही कुणाला विचारलंत? त्यानं काय सांगितलं? ते खरं निघालं का? आणि वेळेवर कळलं असतं तर तुम्ही वेगळं काय केलं असतं? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. जी माहिती मिळून कुणाचाही निर्णय बदलत नाही, तिच्यासाठी स्क्रीन करायची गरज नसते.

एकदा बोलून या आणि इथे लिहा. शिकण्याबद्दल त्यानंतर सांगते.

कोडवाला_सात_रस्ता

ताईंचा मान राखून थोडं वेगळं मत मांडतो. मी सोलापुरातल्या दुकानांना, कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देतो. इथे ॲनालिसिसचे पैसे कुणी देत नाही. ‘महिनाभर नुसतं विचारत बसलात, काम कधी दाखवणार?’ असं विचारतात. त्यापेक्षा आठवड्यात एक कच्ची स्क्रीन करून दाखवावी, ते ‘हे नको, ते हवं’ म्हणतात, आपण बदलत जावं. थोडं थोडं करून दाखवत बदलत जायची ती अजाइल पद्धत म्हणजे तरी दुसरं काय?

जाड कागदपत्रांनी प्रोजेक्ट तगत असते तर अमेरिकेच्या एफबीआयचं व्हर्च्युअल केस फाइल हे तपासाच्या फाइली सांभाळायचं सॉफ्टवेअर तगलं असतं. त्याचा रिक्वायरमेंटचा दस्तऐवज ८०० पानांहून मोठा होता. सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाल्यावर २००५ मध्ये ते गुंडाळावं लागलं.

हुतात्मा_एक्सप्रेस

उदाहरण अगदी योग्य दिलंत, पण ते माझ्याच बाजूनं बोलतं. त्या ८०० पानांत काय होतं? पानावर अमुक बटण असावं, ते अमुक जागी असावं, अशा तपशिलांचा भरणा होता. म्हणजे पूर्वभाग यांच्या यादीचीच फार मोठी आवृत्ती. तपास करणारा माणूस दिवसभर काम कसं करतो आणि त्यातलं काय बदलायला हवं, हे न ठरवता स्क्रीनचं वर्णन लिहीत गेलं की पानं वाढतात, समज वाढत नाही. कागद जाड आहे म्हणजे ॲनालिसिस झालं असं मी कधीच म्हणणार नाही.

कच्ची स्क्रीन दाखवणं हेही ॲनालिसिसचंच एक तंत्र आहे, मीही ते वापरते. फक्त स्क्रीन बघून माणूस स्क्रीनबद्दलच बोलतो. रंग, रकाने, अक्षरांचा आकार. जे काम त्या स्क्रीनवर आलेलंच नाही, त्याबद्दल तो काहीच बोलत नाही. म्हणून आधी जिथे काम चालतं तिथे जाऊन बघायचं, स्क्रीन त्यानंतर.

जॉबर_मास्तर

माझं सगळं आयुष्य मागावर गेलं, म्हणून बोलतो. मागं एका कारखान्यात होतो, तिथंबी काम्प्युटर आणला होता. कुठल्या मागावर किती माल निघाला ते भरायचं. बनवणारी पोरं हुशार होती, पण मागाजवळ कुणी आलंच नाही, सगळं हापिसात बसून ठरलं. त्यांनी एका पाळीला एका मागावर एकच कामगार धरला होता. आमच्याकडं एक माणूस दोन माग बघतो, मधी जेवायला गेला तर शेजारचा चालवतो, त्याचा माल कधी ह्याच्या नावावर तर कधी त्याच्या. पगार मालावर असतो, म्हणजे ज्याच्या नावावर चढलं त्याचे पैसे. पहिल्या आठवड्यातच भांडणं लागली. मग काय, आम्ही कच्ची वही चालू ठेवली आणि काम्प्युटरमध्ये मालकाला बरं वाटंल ते भरायला लागलो. मालकाला वाटायचं सगळं चोख चाललंय.

मला एकानं जरी येऊन विचारलं असतं तर मी अर्ध्या तासात सांगितलं असतं.

हुतात्मा_एक्सप्रेस

मास्तर, तुम्ही लिहिलंत ते नव्यानं शिकणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. मालक पैसे देतो म्हणून फक्त मालकाचं ऐकायचं, असं फार ठिकाणी होतं. ज्याच्या हातानं नोंद होणार आणि ज्याचा पगार त्या नोंदीवर ठरणार, तोही तितकाच महत्त्वाचा स्टेकहोल्डर, म्हणजे त्या कामाशी हितसंबंध असलेला माणूस, असतो.

लंडनच्या ॲम्ब्युलन्स सेवेनं २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठवायची नवी संगणक प्रणाली सुरू केली आणि ती लगेचच कोलमडली. कुठली गाडी कुठे आहे याची नोंद बिघडत गेली, एकाच ठिकाणी दोन गाड्या जाऊ लागल्या, दुसरीकडे कुणीच पोचेना. नंतरच्या चौकशीत घाईचं वेळापत्रक आणि अपुरी चाचणी यांच्याबरोबर हेही पुढे आलं की गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना या कामात नीट सामील करून घेतलं नव्हतं. तिथल्या गाडीवाल्याची आणि तुमच्या मागवाल्याची तक्रार एकच आहे.

कोडवाला_सात_रस्ता

मास्तरांचं पटलं. पण मोठमोठे आकडे दाखवून घाबरवू नका एवढीच विनंती. कोर्सवाले स्टँडिश ग्रुप या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या १९९४ च्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवरच्या अहवालाचे आकडे तोंडावर फेकतात, फक्त १६.२ टक्के प्रोजेक्ट वेळेत आणि बजेटमध्ये झाले, ३१.१ टक्के मध्येच बंद पडले वगैरे. त्या पाहणीच्या पद्धतीवर नंतर अभ्यासकांनी बरीच टीका केली, ते कुणी सांगत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

मान्य. ते आकडे मीही वापरत नाही. मास्तरांची कच्ची वही त्याहून बोलका पुरावा आहे.

पूर्वभाग

उशीर झाला, माफ करा. ताईंनी सांगितलं तसं मालकांशी बोललो, आणि मग एकाच ऑर्डरच्या मागे लागून ती कारखान्यातून कशी जाते ते बघितलं. लिहिण्यासारखं बरंच निघालं.

मालकांचा खरा त्रास ‘ऑर्डर कुठे आहे’ हा नाहीच. पॅकिंगला आलं की नग कमी भरतात. शंभर डझनांची ऑर्डर असेल तर पंचाण्णव-शहाण्णव डझन निघतात, मग कमी पडलेला माल पुन्हा मागावर लावायचा, ब्लीचिंगला पाठवायचा, यात तारीख चुकते आणि व्यापाऱ्याचे फोन सुरू होतात. नग कुठे जातात ते कळावं म्हणून त्यांना प्रत्येक टप्पा मोबाईलवर बघायचा होता. त्यांचा संशय शिलाईवर आहे. काठ शिवायला माल घरी नेणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडून नग गहाळ होतात असं ते धरून चाललेत. दोघींचे पैसेही कापले गेलेत.

मी पांढऱ्या हॉटेल टॉवेलची ऑर्डर धरली. ३० × ६० इंच, तयार वजन ४०० ग्रॅम. मागावरून उतरलेला माल वहीत किलोवर चढतो. ब्लीचिंगला जातो किलोवर, परत येतो किलोवर. शिलाईला देताना मात्र नग लिहितात, आणि पॅकिंगला डझन. किलोचे नग कोण करतं? स्टोअरमधला माणूस. मागावरून उतरलं तेव्हाचं वजन तो ४०० ग्रॅमनं भागतो आणि शिलाईच्या चिठ्ठीवर तो आकडा घालतो.

एक चिठ्ठी माझ्यासमोर आली, ४२ किलोची. ४०० नं भागलं तर १०५ नग. पण मागावरून उतरलेल्या टॉवेलमध्ये सुताला लावलेली खळ असते. मी कोऱ्या, म्हणजे ब्लीचिंग न झालेल्या, टॉवेलचं वजन केलं, ४२० ग्रॅमच्या आसपास भरलं. म्हणजे त्या ४२ किलोत नग होते १००. ब्लीचिंगला खळ निघून गेली, ४० किलो परत आले, नग तेच १००. शिलाईवालीला मिळाले १००, तिनं परत दिले १००, आणि चिठ्ठीवर १०५ असल्यामुळे ५ नग तिच्या नावावर कमी लागले. ते पाच टॉवेल विणलेच गेले नव्हते!

माल सुरुवातीपासूनच कमी लागत होता, कारण मागावरचे किलो बघून ऑर्डर पूर्ण झाली असं समजून माग मोकळा करायचे. मालकांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी दोनदा स्वतः वजन करून बघितलं. कापलेले पैसे परत द्यायला सांगितलंय.

हुतात्मा_एक्सप्रेस

अभिनंदन. तुम्ही विचारत होता ना मुळापासून कसं शिकायचं, ते असंच. विचार करा, पहिल्या यादीप्रमाणे सॉफ्टवेअर झालं असतं तर? त्यात ४०० ग्रॅम हा आकडा घातला गेला असता, मालकांना मोबाईलवर ‘शिलाई: ५ नग कमी’ असं सुबक अक्षरांत दिसलं असतं, आणि संगणक सांगतोय म्हटल्यावर त्या बायकांचं कुणी ऐकलंही नसतं.

शिलाईवाल्यांशी बोललात का? मालकांच्या आणि स्टोअरच्या बाजूनं चित्र आलंय, त्यांच्या बाजूनं अजून नाही.

पूर्वभाग

नाही अजून. आमच्याकडे त्यातल्या बहुतेक जणी घरी तेलुगू बोलतात. माझ्या घरीही तेलुगूच आहे, त्यामुळे बोलायला अडचण नाही. या आठवड्यात जातो.

हुतात्मा_एक्सप्रेस

तेलुगूतच बोला आणि त्यांच्या घरी जाऊनच बोला. कारखान्याच्या गेटवर त्या ‘सगळं बरं आहे’ एवढंच सांगतील. ही मुलाखत घेण्याची हातोटी कुठलाही कोर्स देत नाही आणि या कामात तिच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

आता शिकण्याबद्दल. या क्षेत्रातली सर्वांत ओळखीची संस्था आयआयबीए (इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस ॲनालिसिस), कॅनडात २००३ मध्ये सुरू झाली. तिच्या ‘बाबोक’ या मार्गदर्शिकेची तिसरी आवृत्ती २०१५ ची. तिच्यात सहा मूळ कल्पना धरल्यात: बदल, गरज, उपाय, स्टेकहोल्डर, मूल्य आणि संदर्भ. तुमच्याच प्रकरणावर त्या लावून बघा. गरज आहे नगांचा हिशेब जुळण्याची. संदर्भ आहे किलो, नग आणि डझन ही तीन मापं आणि मालावरचा पगार. मूल्य कुणाला? मालकांना तारखेचं, शिलाईवालीला तिच्या पूर्ण पैशांचं. एवढं स्वतःच्या शब्दांत मांडता आलं की ते जाड पुस्तक वाचताना झोप येणार नाही.

प्रमाणपत्रांच्या मागे आत्ताच लागू नका. आयआयबीएचं ईसीबीए हे नवख्यांसाठी आहे, त्याची परीक्षा पुढे देता येईल. अनुभवी लोकांसाठीच्या सीबीएपीला गेल्या दहा वर्षांतला किमान ७,५०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, ते फार लांब आहे. पुण्यात मुलाखत घेताना मी प्रमाणपत्राच्या आधी ‘एखादं प्रकरण सांगा’ असं विचारते. तुमच्याकडे आता प्रकरण आहे.

हाताशी काय असावं? एक्सेल पक्कं हवं, हिशेबात असल्यामुळे ते असेलच. थोडं एसक्यूएल, ही डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, म्हणजे डेटा स्वतः काढून बघता येतो, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. कामाचा प्रवाह चित्रात काढता यायला हवा. त्यासाठीच्या बीपीएमएन या ठरलेल्या पद्धतीत चिन्हं पुष्कळ आहेत, पण सुरुवात, काम, निर्णय, शेवट आणि कुठलं काम कुणाकडे ते दाखवणारे पट्टे, एवढ्यावर बरंच भागतं. तुमच्या चित्रात माल जिथे एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो, तिथे माप बदलतं. चित्र काढल्यावर ते कुणालाही दिसेल. आणि प्रत्येक मागणीखाली ती पूर्ण झाली हे कसं ओळखायचं, ते लिहायची सवय लावून घ्या.

करकोपरा

मी कर सल्लागार. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. ब्लीचिंग बाहेर करून घेता ना? मग तो जीएसटी कायद्यातला जॉब वर्क. कलम १४३ प्रमाणे पाठवलेला माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवशीच तुम्ही तो पुरवठा केला असं धरतात. त्यामुळे किती किलो गेला, किती परत आला आणि घट किती, याची चलनवार नोंद सॉफ्टवेअरमध्ये असलीच पाहिजे. मालक ही मागणी कधीच करणार नाहीत, कारण त्यांना ती सुचणार नाही. न मागितलेल्या पण लागणाऱ्या अशा गोष्टी शोधणं हेही याच कामात आलं.

पूर्वभाग

साहेब, हे माझ्याच टेबलावरचं काम असून यादीत आलं नव्हतं. घालतो.

शिलाईवाल्या तिघींना भेटून आलो. त्यांचं म्हणणं असं की गठ्ठा देताना नग मोजून देत नाहीत, चिठ्ठी देतात. घरी मोजल्यावर कमी निघाले तर सांगायला यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, म्हणून कुणी येत नाही. एकीनं स्वतःची वही दाखवली, तारीख आणि मोजलेले नग, कितीतरी महिन्यांची. चिठ्ठीशी लावून बघितलं तर फरक जवळपास दर वेळी शेकड्याला पाचच्या आसपास.

आता मसुदा असा केलाय:

गरज: मागापासून पॅकिंगपर्यंत प्रत्येक देवघेवीत नगांची संख्या एकच राहावी, आणि फरक पडला तर तो कुठल्या देवघेवीत पडला ते त्याच दिवशी कळावं.

मागणी १: स्टोअरवाला म्हणून मला ब्लीचिंगहून आलेल्या मालाचे नग आणि किलो दोन्ही नोंदवता यावेत, म्हणजे शिलाईची चिठ्ठी मोजलेल्या नगांवर निघेल. निकष: नग भरल्याशिवाय नोंद पूर्ण होऊ नये. किलोवरून नग आपोआप काढले जाऊ नयेत.

मागणी २: शिलाईवालीला गठ्ठा देताना नग तिच्यासमोर मोजून, तिच्या होकारानंतरच चिठ्ठी निघावी.

मागणी ३: ब्लीचिंगची चलनवार जावक-आवक आणि घट.

मोबाईलची स्क्रीन तूर्त बाजूला ठेवली. मालकांनीच सांगितलं, आधी हे होऊ दे.

कोडवाला_सात_रस्ता

असा कागद माझ्याकडे आला तर मी कोटेशन निम्म्या वेळात देईन आणि आकडाही नेमका देईन. ‘आपोआप काढले जाऊ नयेत’ ही ओळ तर ठळक करा. मी स्वतःहून ती सोय नक्कीच केली असती, आणि चांगलं काम केलं म्हणून खूश झालो असतो.

जॉबर_मास्तर

पहिल्या मागणीत घोळ आहे बघा. ब्लीचिंगहून माल येतो तो अख्खा तागा असतो, कापलेला नसतो. त्यातले नग मोजायचे तर सगळा तागा उलगडावा लागंल. स्टोअरवाला करणार नाही, तोबी अंदाजानं आकडा टाकंल, म्हणजे पुन्हा तेच. नग मोजायची जागा मागावर. तागा उतरवताना काठाच्या पट्ट्या मोजल्या की नग कळले, आणि कामगार त्याच्या पगारासाठी ते मोजतोच. फक्त तो आकडा ताग्याबरोबर पुढं गेला पाहिजे. कागदाची चिठ्ठी ब्लीचिंगमध्ये टिकत नाही, साधी शाईबी जाते. ताग्याच्या टोकाला रंगीत दोऱ्यानं नंबर शिवा, नग वहीत त्या नंबरापुढं लिहा. आणि कापल्यावर एकदा मोजा, तवा मोजायला काय लागत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

पूर्वभाग, मागणी १ मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे बदला: ताग्याला नंबर, नग मागावर, पडताळणी कटिंगनंतर. दोरा पक्क्या रंगाचा घ्या आणि एका ताग्यावर आधी करून बघा, पांढऱ्या मालावर डाग नको. त्यानंतर हा कागद घेऊन एकदा मास्तरांसारख्या तुमच्याच कारखान्यातल्या जॉबरसमोर, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मुकादमासमोर, बसा आणि ओळ न ओळ वाचून दाखवा.

अजून एक राहिलंय. मागावरचा आकडा आणि कटिंगनंतरचा आकडा यांत फरक आला तर किती फरक चालेल आणि कितीच्या पुढे काम थांबवायचं, हे मसुद्यात नाही. तो आकडा मालकांकडून घ्या. तुम्ही स्वतः ठरवू नका आणि सॉफ्टवेअरवाल्यालाही ठरवू देऊ नका.

पूर्वभाग

घेतो. दुसऱ्या प्रतीचे नग त्या फरकात धरायचे की वेगळे, तेही विचारून येतो. आमच्याकडे ते कटिंगलाच बाजूला काढतात आणि त्यांची आत्ता कुठेच नोंद होत नाही.